साचा एक, सॉफ्टवेअर अनेक

मालेगाव (जि. वाशीम), प्रतिनिधी – जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक वस्तूंसाठी रद्द झाले, तेव्हा येथील किराणा दुकानापासून मुंबईच्या मॉलपर्यंत सर्वांनाच बिलाचे सॉफ्टवेअर सुधारून घ्यावे लागले. कराचा दर स्वतंत्र तक्त्यात ठेवलेला असेल तर हे काम काही मिनिटांचे. तो आज्ञावलीत जागोजागी पेरलेला असेल तर ओळ न् ओळ तपासावी लागते. त्यातच तेच सॉफ्टवेअर नक्कल करून, थोडेफार बदलून वीस ग्राहकांना दिलेले असेल, तर ही शोधाशोध वीस वेळा.

नक्कल आणि पुनर्वापर यांत हाच फरक आहे. यंत्राच्या सुट्या भागांप्रमाणे सॉफ्टवेअरचेही तयार भाग मिळावेत, ही कल्पना डग्लस मॅक्इलरॉय यांनी 1968 मध्ये जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत मांडली. पुढे 1976 मध्ये डेव्हिड पार्नास यांनी ‘प्रोग्रॅमचे कुटुंब’ हा विचार दिला : आधी सर्वांत समान काय ते पाहा, मग प्रत्येकाचे वेगळेपण. ‘प्रॉडक्ट लाइन’ पद्धतीचे मूळ येथे आहे.

पतसंस्थेचे उदाहरण घेऊ. ठेव, कर्ज, व्याज सर्वत्र आहेच. परंतु एखादीकडे सोनेतारण कर्ज असते, दुसरीकडे दररोज दुकानोदुकानी फिरून बचत गोळा करणारा प्रतिनिधी. हे फरक आणि कोणता पर्याय कोणाबरोबर चालत नाही, हे आधीच नोंदवले तर नव्या संस्थेसाठी केवळ निवड करावी लागते.

निवडीनंतर आज्ञावली कोणी लिहायची? मॉडेलवर आधारित पद्धतीत अभियंता खातेदार, खाते, व्यवहार यांचे परस्परसंबंध व नियम मॉडेलमध्ये मांडतो; त्यावरून आज्ञावली ‘जनरेटर’ तयार करतो. उद्या तंत्रज्ञान बदलले तरी मॉडेल टिकते, बदलतो तो जनरेटर.

‘ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप’ने 2001 मध्ये या विचाराला अधिकृत रूप दिले. पुण्यात मात्र त्यापूर्वीच, 1990च्या दशकात, काम सुरू झाले होते. टीसीएसने 1981 मध्ये तेथे स्थापन केलेल्या टाटा संशोधन केंद्रातील प्रयत्नांतून ‘मास्टरक्राफ्ट’ ही साधनसामग्री आकाराला आली. या प्रवासातील सर्वांत बोधप्रद भाग अडचणीचा आहे. प्रत्येक प्रकल्पाचा डेटाबेस वेगळा, रचना वेगळी. त्यामुळे जनरेटरच दरवेळी बदलावा लागे. जो रोग बरा करायचा, तोच औषधाला जडला! यावर विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांनी 2008च्या शोधनिबंधात मार्ग मांडला : जनरेटरही पुन्हा वापरता येणाऱ्या भागांतून, मॉडेलवरूनच घडवायचा. थोडक्यात, कारखाना उभारणारा कारखाना.

एवढा खटाटोप एक-दोन ग्राहकांसाठी परवडत नाही, हे उघड आहे. कुटुंब मोठे असेल तरच सुरुवातीचा खर्च वसूल होतो. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने साध्या वाक्यांवरून आज्ञावली लिहून देतात. पण तीच सूचना पुन्हा दिली तर उत्तर तेच येईल याची खात्री नसते. समान काय आणि वेगळे काय, हे ठरवण्याचे कामही त्यामुळे संपत नाही.

खरी कसोटी लागते ती ऐनवेळी. ग्राहक खोळंबलेला असतो आणि अभियंता मॉडेलला हात न लावता थेट तयार आज्ञावलीतच दुरुस्ती करतो. काम भागते, पण पुढच्या वेळी जनरेटर चालला की ती दुरुस्ती पुसली जाते आणि जुनी चूक पुन्हा खातेदाराच्या पासबुकात उमटते.