नैराश्य म्हणजे आळस नव्हे : औषधांसोबतचे आणि औषधांशिवायचे उपचार



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी आठवड्यातून तीन-तीन दिवस शाळेत यायची नाही. आली तरी वेणी घातलेली नाही, गृहपाठ नाही, डबाही नाही. मी वहीत 'पालक लक्ष देत नाहीत' असा शेरा लिहिला. एक दिवस तिच्या आईला शाळेत बोलावून चार शब्द सुनावलेसुद्धा. त्या खाली मान घालून ऐकत राहिल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "कशातच मन लागत नाही जी मॅडम. रातभर डोळ्याला डोळा लागत नाही अन् सकाळी उठावंसंच वाटत नाही."

मला तो बहाणा वाटला. पुढच्या आठवड्यात गावातल्या आशाताई भेटल्या, त्यांनी समजावलं, "मॅडम, बाई आळशी नाही. तिला नैराश्य आहे, उपचार पाहिजे." मी डी.एड. झालेली, बालमानसशास्त्राचा पेपर देऊन आलेली, आणि समोरचं मला दिसलं नव्हतं. तेव्हापासून या विषयावर जे वाचलं, विचारलं, ते आज सोप्या भाषेत मांडते.

नैराश्य म्हणजे काय?

दुःख सगळ्यांनाच होतं. कापसाला भाव मिळाला नाही, घरात कुणी गेलं, तर मन खचतंच. पण उदासपणा किंवा कशातच गोडी न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त दिवस, जवळजवळ रोज टिकलं, सोबत झोप आणि भूक बिघडली, थकवा आला, लक्ष लागेना, आपण कुचकामी आहोत असं वाटू लागलं, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. आपल्याकडे 'नैराश्य' हा शब्द सहसा कुणी वापरत नाही. 'टेन्शन आहे', 'डोकं जड राहते', 'अंगात जीव नाही', 'मन लागत नाही' असंच लोक बोलतात. म्हणून ओळखायला उशीर होतो.

कारण एकच नसतं. आनुवंशिकता, मेंदूतले बदल, कर्ज, घरातला छळ, दारू, एकटेपणा, बाळंतपण, दीर्घ आजार असे अनेक धागे एकत्र गुंततात. कधीकधी थायरॉइडचा त्रास, रक्तक्षय किंवा बी-१२ ची कमतरता यांतूनही अशीच लक्षणं दिसतात. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी हवी. धागे अनेक असल्यामुळे उपचारही एका गोळीपुरता राहत नाही. शरीर, मन आणि घर-गाव या तिन्हींकडे एकत्र पाहणं, यालाच एकात्मिक उपचार म्हणतात.

गोव्यात काय करून पाहिलं?

'बोलण्याने कुठे आजार बरा होतो का?' असं लोक विचारतात. याचं उत्तर आपल्या शेजारी गोव्यात मिळतं. तिथल्या 'संगथ' या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला. जास्त तीव्र नैराश्य असलेले ४९५ रुग्ण त्यात होते. निम्म्या लोकांना आरोग्य केंद्रातले नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्यासोबत समुपदेशनाच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या. विशेष म्हणजे समुपदेशक डॉक्टर नव्हते. ती स्थानिक, साधी शिकलेली माणसं होती, त्यांना या कामाचं प्रशिक्षण दिलेलं होतं.

तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १०० पैकी ३९ जण आजारातून बाहेर आले होते. समुपदेशन मिळालेल्यांत १०० पैकी ६४. वर्षभरानंतरही हा फायदा टिकून होता. तीन महिन्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

या भेटींत काय होतं? मुलांना चक्राची आकृती काढून दाखवतो तसं समजून घेऊ. मन उदास झालं की माणूस कामं सोडतो, भेटीगाठी टाळतो. त्यामुळे आनंदाचे, समाधानाचे क्षण कमी होतात. त्यामुळे मन आणखी उदास होतं. हे चक्र कुठेतरी तोडायचं असतं. 'आधी मन ठीक होऊ दे, मग काम करीन' असं म्हणत बसलं तर मन ठीक होतच नाही. म्हणून उलट जायचं. आधी एक छोटी कृती, मग हळूहळू मन. अंगणात दहा मिनिटं चालणं, मैत्रिणीकडे जाऊन बसणं, फुलझाडाला पाणी घालणं. काय केलं आणि नंतर कसं वाटलं, ते लिहून किंवा सांगून ठेवायचं. सुटण्यासारख्या अडचणी एकेक करून सोडवायच्या. याला वर्तन-सक्रियता म्हणतात.

१९३७ साली आपल्या वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकण्याचा नई तालीमचा विचार पुढे आला. तो नैराश्यावरचा उपचार नव्हता, पण हात कामात गुंतले की मनावर परिणाम होतो, हे आपण शिक्षक रोज वर्गात पाहतोच.

शेजारच्या अमरावतीत

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावपातळीवर आरोग्य कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक आणि गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ, अशी तीन पायऱ्यांची रचना होती. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक मदत घेत होते. १८ महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्के झालं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाणही घटलेलं दिसलं. तरीही चारातले जवळपास तीन जण मदतीविनाच राहिले, हेही लक्षात घ्यायला हवं. आपला वर्धा जिल्हाही शेतकरी आत्महत्यांच्या यादीत आहे, म्हणून हे आकडे मला परके वाटत नाहीत.

रोजच्या जगण्यातले उपाय

व्यायाम : आठवड्यातले बहुतेक दिवस अर्धा तास झपाझप चालणं. सौम्य आणि मध्यम नैराश्यात याचा चांगला उपयोग होतो. मात्र शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईला 'व्यायाम करा' असं सांगू नका. तिला विश्रांती आणि सोबत हवी असते.

झोप : उठण्याची वेळ रोज एकच ठेवणं, रात्री मोबाईल दूर ठेवणं, संध्याकाळनंतर चहा टाळणं.

योग, प्राणायाम, भजन : मन शांत व्हायला मदत होते, चार माणसांत बसणं होतं. मुख्य उपचाराला जोड म्हणून चांगलं.

दारू : थोडा वेळ विसर पडतो, पण नैराश्य वाढतं. हे घरच्यांनाही सांगायला हवं.

जडीबुटी : 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक असं नसतं. काही वनस्पती दुसऱ्या औषधांचा परिणाम बिघडवतात. काहीही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

गोळीला घाबरू नका

औषधांशिवायचे उपाय सांगितले म्हणून कुणी आपली गोळी बंद करू नये. आजार तीव्र असेल तर औषधं जीव वाचवतात. परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत सोडून देणं चुकीचं. एकदम बंद केल्यानेही त्रास होतो. कमी करायची असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

'मेलेलं बरं' असं कुणी बोललं तर ते थट्टेवारी नेऊ नका. 'जीव द्यायचे विचार येतात का?' असं सरळ विचारा. विचारल्याने विचार वाढत नाहीत, उलट माणसाला मोकळं होता येतं. त्याला एकटं सोडू नका, कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आपण शाळेत काय करू शकतो?

आपण डॉक्टर नाही, निदान आपलं काम नाही. पण मूल सतत गैरहजर राहत असेल तर शेरा लिहिण्याआधी घरी एक चक्कर टाकता येते. 'घरी सगळं बरं आहे ना?' असं विचारून मध्ये न बोलता ऐकता येतं. 'मन घट्ट करा', 'तुम्हाला काय कमी आहे?' ही वाक्यं टाळता येतात. आशाताईंचा नंबर सगळ्यांजवळ असतोच.

त्या ताईंचं पुढे काय झालं? आशाताई त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. रक्त कमी निघालं, त्याचे उपचार सुरू झाले. समुपदेशन झालं, काही महिने गोळ्याही चालल्या. मी त्यांची माफी मागितली आणि शाळेच्या परसबागेत आठवड्यातून दोन दिवस मदतीला याल का, असं विचारलं. पहिल्या महिन्यात त्या दोनदाच आल्या. नंतर नियमित येऊ लागल्या. अजूनही त्यांचे काही दिवस वाईट जातात. पण मुलगी आता रोज शाळेत येते, वेणी घालून. आणि तो शेरा मी वहीतून खोडला आहे.