मीठ फुटलेली रानं

एप्रिल-मे महिन्यांत मिरजेकडून शिरोळ तालुक्यात उतरलं, की उसाच्या हिरव्या फडांमध्ये मधूनच पांढरी रानं दिसतात. नवख्याला वाटतं, कुणी चुना पसरलाय. जवळ गेल्यावर ढेकळांवर मिठाचा पापुद्रा, खोलगटात लव्हाळा आणि बांधावर वेडी बाभूळ दिसते. ‘मीठ फुटलंय’, एवढंच उत्तर मिळतं. यांतली कितीतरी रानं कोरडवाहू होती तेव्हा शाळू आणि हरभरा देत होती. त्यांना दुष्काळाने मारलेलं नाही. पाणी आल्यावर ती नापीक झाली आहेत.

हे मीठ येतं कुठून? थोडं जमिनीतच असतं. दख्खनचा काळा पाषाण झिजताना त्यातून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतं. एरवी पावसाचं पाणी ते हळूहळू धुऊन ओढ्याला नेतं. पण पाटाचं किंवा नदीचं गोड पाणीही क्षार घेऊनच येतं. लिटरला अवघे 300 मिलिग्रॅम क्षार धरा. असं पाणी आपण बिनतक्रार पितो. एका एकर उसाला वर्षभरात 80 लाख लिटर पाणी दिलं, तर त्याबरोबर जवळजवळ 2,400 किलो क्षार रानात आले. ऊस पाणी पितो, ऊन पाणी उडवतं. क्षार बहुतांशी तिथेच राहतात. ते बाहेर पडले नाहीत, तर पुढच्या वर्षी तेवढेच आणखी येतात.

काळ्या जमिनीत हे बाहेर पडणंच अवघड. तिची चिकणमाती ओली झाली की फुगते आणि स्वतःची छिद्रं स्वतःच मिटवते. पाणी जिरतं, पण खाली सरकत नाही. भूजलाची पातळी चढत चढत मुळांपर्यंत येते. मग उन्हाळ्यात केशाकर्षणाने ते पाणी वर खेचलं जातं, पृष्ठभागावरून उडतं आणि पापुद्रा मागे ठेवतं. ही झाली क्षारयुक्त जमीन. ती अजून वाचवता येते. पुढची पायरी चोपण जमिनीची. तिथे मातीच्या कणांवरचं कॅल्शियम हटून सोडियम बसतो, सामू साडेआठच्या वर जातो आणि मातीची घडणच मोडते. ओली असताना अशी जमीन साबणासारखी बुळबुळीत, वाळली की दगड. वाफसा येतच नाही. नांगर घालायचा कधी, हा तिथला रोजचा प्रश्न.

यात नवीन काही नाही, हीच खरी चिडायची गोष्ट. नीरेचा डावा कालवा 1885 साली सुरू झाला, तो दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचवण्यासाठी. पण पाऊस बरा झाला की शेतकरी कालव्याचं पाणी घेईनात आणि सरकारचा पैसा वसूल होईना. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांची ‘ब्लॉक’ पद्धत आली: ठरावीक क्षेत्राला काही वर्षांसाठी हमीचं पाणी, आणि त्यात उसाला जागा. दुष्काळाचा कालवा बघता बघता उसाचा कालवा झाला. पाठोपाठ मीठही आलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर 1910 साली स्वतंत्र पुस्तिका लिहिली. नंतर क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने दख्खनच्या कालव्यांखालच्या जमिनींच्या निचऱ्यावर अनेक वर्षं काम केलं. म्हणजे रोग, कारण आणि उपाय, तिन्ही स्वातंत्र्यापूर्वीच कागदावर होते.

स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने उभे राहिले, कृष्णा-वारणा-पंचगंगेवर उपसा योजना झाल्या, गावोगावी पाइपलाइन गेली. या पाण्याने या भागात शाळा, दवाखाने, पक्की घरं उभी केली; ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण खर्चाच्या अंदाजपत्रकात पाणी आणण्याची बाजूच भरलेली असे. पाणी आणणाऱ्याचा फेटा बांधून सत्कार होतो. साचलेलं पाणी काढून देणाऱ्याला कोण हार घालणार? उलट जे नैसर्गिक ओढे-ओघळी हे काम फुकट करत होते, ते बुजवून त्यांच्यावरही ऊस लावला गेला.

शेतकरी जास्त पाणी देतो ते अडाणीपणाने, असं शहरात सर्रास बोललं जातं. जरा त्याच्या बाजूने बघा. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची. साप-किरड्याच्या अंधारात कोण बारे मोडत बसणार? मोटार सुरू करून दार धरायचं एका सरीला आणि झोपायचं. पाणीपट्टी वर्षानुवर्षं एकरावर, म्हणजे थोडं घेतलं काय नि भरपूर घेतलं काय, पैसे तेवढेच. पाणी मोजून देण्यासाठी पाणीवापर संस्थांचा कायदा 2005 साली झाला; मोजणी मात्र थोड्याच ठिकाणी रुजली. पुन्हा पाळी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून आली की रान तुडुंब भरून घ्यायचं. वरून ऊस हे एकमेव पीक, ज्याचा किमान दर कायद्याने ठरतो आणि ज्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. अशा व्यवस्थेत काटकसर करणारा माणूसच वेडा ठरेल.

उतारा घटू लागला की पहिला हात जातो खताच्या पोत्याकडे. बहुतेक रासायनिक खतं हीही क्षारच. मुळाला पाणी ओढणं आणखी जड होतं. मग कुणीतरी जिप्सम सुचवतं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून हुसकावतं, हे खरं. पण हुसकावलेला सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर गेला पाहिजे. निचरा नसेल तर जिप्समचे पैसे मातीत गेले, अगदी शब्दशः. ताग, धैंचा गाडणं चांगलंच, आणि ठिबकने पाणी वाचतं. तरी वर आलेली भूजलपातळी एकट्या ठिबकने लवकर उतरत नाही.

खरा उपाय जमिनीखाली आहे. साधारण एक-सव्वा मीटर खोल, ठरावीक अंतरावर सच्छिद्र पीव्हीसी पाइप गाडायचे, त्यांच्यावर गाळ अडवणारं कापड गुंडाळायचं, सगळे मोठ्या पाइपला जोडायचे आणि तो ओढ्यात सोडायचा. पावसाळ्यात वरून पाणी पडतं, क्षार विरघळून खाली उतरतात आणि पाइपातून निघून जातात. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने या भागातल्या जमिनींवर काम केलं आहे, आणि शिरोळच्या दत्त कारखान्याने सभासदांना एकत्र आणून अशी पडीक रानं पुन्हा उसाखाली आणली आहेत.

एकत्र आणणं, हेच यातलं मुख्य काम. एका रानात पाइप गाडायला दोन-तीन दिवस पुरतात. शंभर खातेदारांची संमती मिळवायला दोन-तीन वर्षंही जातात. उताराला ज्याचं रान, त्याच्या बांधातून मोठा पाइप न्यावा लागतो. तो म्हणतो, तुमचं खारं पाणी माझ्या रानातून का? भाऊबंदकीची जुनी प्रकरणं इथे वर येतात. वरच्या अंगाचा शेतकरी खर्चाला तयार नसतो, कारण त्याचं रान अजून ठीक असतं. त्याने दिलेलं जादा पाणी झिरपून खालच्याच्या रानात उगवतं. कर्जाचा बोजा सात-बारावर चढवायचा, तर वारसनोंदी झालेल्या नसतात. या कामाला अभियंता लागतोच, पण त्याआधी गावात शब्दाला वजन असलेला माणूस लागतो.

आणि पाइपातून निघालेलं ते पाणी ओढ्यातून कृष्णेलाच मिळतं. पावसाळ्यातल्या पुराच्या पाण्यात ते मिसळून जातं, पण उन्हाळ्यात नदी आटलेली असताना तेच क्षार, वर खताचा नत्र घेऊन, खालच्या गावांच्या जॅकवेलकडे सरकतात. तिथून पुढे कर्नाटक. निचऱ्याचं पाणी कोणत्या महिन्यात, किती आणि कुठे सोडायचं, याचा हिशोब योजनेच्या आराखड्यात पाइपांच्या अंतराइतकाच ठळक असायला हवा. सध्या बहुतेक बैठकांमध्ये चर्चा अनुदान किती टक्के, इथेच थांबते.