शालीनंतर मनगटी

एखादे मोठे काम पुरे झाले, की आपल्या घरांतून लगेच प्रश्न येतो, "आता याहून मोठे काय?" माझी तिसरी जाळीदार शाल सुयांवरून उतरली तेव्हा वन्सं म्हणाल्या, पलंगपोस विण. जाऊबाईंना तर दुप्पट घेराची शाल हवी होती. मी निवडल्या मण्यांच्या मनगटी! का, ते सांगते.

जाळीच्या शालीचा मान मोठा, यात शंका नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटे आहेत. त्यांतल्या अन्स्ट बेटावरच्या बायका इतक्या तलम शाली विणत, की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार निघे. रशियात ओरेनबुर्गच्या, बकरीच्या मऊ लोकरीच्या शालींची अशीच ख्याती आहे.

पण ही वीण विणणारीला सोडत नाही. लोकर पुढे घेऊन इकडे एक टाका वाढवायचा, तिकडे दोन टाके एकत्र विणून एक कमी करायचा. नक्षी उमटते ती या वाढ-घटीतूनच. ओळीओळीचा हिशेब निराळा. एक टाका सुटला, तर शिडीसारखा खाली धावत जातो. साहजिकच ओठ सारखे पुटपुटत असतात आणि कोणी हाक मारली, तर मानेनेच "थांब" म्हणावे लागते. आमची धाकटी तर आल्यागेल्याला दारातच सांगू लागली होती, "आई मोजते आहे!" शाली देखण्या झाल्या आणि मला त्यांचा अभिमान आहे. मात्र त्या हिवाळ्यांतल्या संध्याकाळच्या गप्पा माझ्या कानांपर्यंत पोचल्याच नाहीत.

मण्यांच्या विणकामात मोजदाद असते, पण ती आधीच उरकते. युरोपात लिथुआनियामध्ये अशा मणी विणलेल्या लोकरी मनगटी घालण्याची जुनी चाल आहे. सगळे मणी प्रथम लोकरीत ओवून ठेवायचे; मग विणता विणता एकेक मणी पुढे सरकवायचा. वीण अगदी साधी, दोन्ही बाजूंनी सुलटच.

माझा हिशेब असा. बारीक लोकर आणि बारीक सुया. 32 टाके घालावेत. जाताना ओळ साधी विणावी. येताना पहिले 4 टाके साधे, मधल्या 24 टाक्यांत दर दोन टाक्यांनंतर एक मणी, आणि शेवटचे 4 पुन्हा साधे. म्हणजे दर दोन ओळींना 12 मणी. माझ्या हाताने इंचाला 16 ओळी बसतात, म्हणून सात इंचांना 112 ओळी आणि 672 मणी लागले, जोडीला 1344. मणी विणकरणीच्या पलीकडच्या बाजूला बसतो, तीच मनगटीची सुलट बाजू. पट्टी पुरी झाली की दोन्ही टोके शिवून टाकायची.

लोकर मण्यात सहज जात नाही. बारीक सुईत दोऱ्याचा फासा करून त्यात लोकर अडकवावी आणि मणी सुईवरून लोकरीवर उतरवावेत. मणी हलके सरकले पाहिजेत; घट्ट असले, तर लोकर झिजते.

हे ओवण्याचे काम मी धाकटीला दिले. दोघी समोरासमोर बसलो. दोन-अडीचशे मणी झाले असतील-नसतील, तोच मान वर न करता ती म्हणाली, "आई, नव्या शाळेत माझ्या बाकावर कुणी बसत नाही." किती दिवस मनात ठेवले होते पोरीने! माझे हात चालूच होते, पण कान मोकळे होते. त्या रात्री पुष्कळ बोललो. दुसऱ्या दिवशी मी तिच्या बाईंना भेटून आले.

सोपे काम घेतले म्हणून हातातली कला उणी होत नाही. पुढचे काम निवडताना हाताला काय जमते, एवढेच पाहू नये; घराला आपण किती हव्या आहोत, तेही पाहावे. चौथी शाल मी विणीनच, पण मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर.

आणि हो, मणी हिशेबापेक्षा वीस-पंचवीस जास्तच ओवावेत. उरले, तर लोकर तोडल्यावर काढून घेता येतात. कमी पडले, तर मधेच लोकर तोडावी लागते.