खानदेशी दगडातलं पाणी

जळगाव जिल्ह्यात विहीर खोदताना किंवा खडीच्या खाणीत सुरुंग उडाल्यावर काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे, गुलाबीसर स्फटिक चमकताना दिसतात. बोलण्यात ती सरसकट गारगोटीच असते. खनिजांचे व्यापारी मात्र स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, अ‍ॅपोफिलाइट असे वेगवेगळे ढीग करतात. यातला स्टिल्बाइट हाताला ठणठणीत कोरडा लागतो, पण त्याच्या वजनाचा सुमारे १८ टक्के भाग पाण्याचा असतो. किलोभर स्टिल्बाइटमध्ये साधारण १८० ग्रॅम पाणी!

हे पाणी बघायला मोठं यंत्र लागत नाही. चुरा काचेच्या परीक्षानळीत घालून बुडाशी ज्योत धरली की नळीच्या वरच्या, थंड भागात आधी काच धुरकट होते आणि मग तिथे थेंब जमतात. स्वीडनच्या क्रॉन्स्टेट यांनी १७५६ साली अशाच एका खनिजाला ज्योत दाखवली, तेव्हा ते फसफसलं; स्टिल्बाइट ज्यात मोडतो त्या झिओलाइट गटाची ओळख तिथून झाली. पुढे येल विद्यापीठातल्या सॅम्युअल पेनफिल्ड यांनी १८९४ मध्ये नळीलाच फुगे काढले आणि त्यांत जमलेलं पाणी वजन करून मोजण्याची रीत बसवली. अडचण एकच. झिओलाइटच्या स्फटिकात सूक्ष्म बोगदे असतात आणि त्यांतलं पाणी तापवलं की निघतं, दमट हवेतून परत येतं. मे महिन्यातल्या जळगावच्या कोरड्या उन्हात आणि भर श्रावणात एकाच खड्याचं वजन थोडं वेगळं भरू शकतं. म्हणून तापमान आणि हवेतली आर्द्रता नोंदवल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही.

मला जास्त ओढ आहे ती दुसऱ्या पाण्याची. झिओलाइट पुष्कळ नंतरचे. थिजलेल्या लाव्ह्याच्या पोकळ्यांतून गरम पाणी फिरलं तेव्हा ते वाढले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी खालून शिलारस वर आला, त्याच्यासोबत किती पाणी आलं, हे त्यांना विचारून कळणार नाही. त्यासाठी धुळ्याकडे जावं लागतं. धुळे-नंदुरबार भागात माळावर लांबच लांब काळ्या भिंतींसारखे कणे दिसतात. हे डाइक, म्हणजे उभ्या भेगांत शिरून थिजलेला शिलारस. आयआयटी मुंबईचे हेतु शेठ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशा २१० डाइकचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतला सर्वांत लांब ७९ किलोमीटरचा आहे.

डाइकच्या दगडात पायरोक्सीन नावाचं गडद खनिज असतं. त्याच्या रासायनिक सूत्रात पाणी नाही. तरीही स्फटिकाच्या जडणघडणीत कुठे एखादा अणू गळालेला असतो, कुठे सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसलेलं असतं. अशा ठिकाणी हायड्रोजन ऑक्सिजनला चिकटून राहतो. प्रमाण किती? पाण्याच्या हिशेबात टनाला दहा-वीसपासून काहीशे ग्रॅमपर्यंत. इथे परीक्षानळी कामाची नाही.

इथे अवरक्त किरण वापरतात. ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी सुमारे ३ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण शोषते. किती शोषले गेले आणि किरण किती जाडीतून गेले, यावरून हायड्रोजन काढता येतो. पाण्याचा अख्खा रेणू असेल तर ६ मायक्रॉनच्या आसपास आणखी एक खूण उमटते. झिओलाइटमध्ये ती दिसते, स्वच्छ पायरोक्सीनमध्ये नाही.

खरी मेहनत नमुना तयार करण्यात आहे. मिलिमीटरपेक्षाही पातळ कण दोन्ही बाजूंनी घासून आरशासारखा करायचा. तो धरायला वापरलेल्या डिंकातही हायड्रोजन असतो, म्हणून अ‍ॅसिटोनने डिंकाचा अंश न अंश काढायचा. यंत्रात कोरडा नायट्रोजन सोडून हवेतली वाफ हाकलायची. कण फिरवून तीन दिशांनी मोजायचं, कारण या जोड्या स्फटिकात ठरावीक दिशेनेच बसलेल्या असतात. भेगेत मातीसारखं खनिज झालं असेल, तर त्याचा रुंद पट्टा लगेच दिसतो; तो कण बाद करायचा. एवढी काळजी घेतली नाही, तर आपण शिलारसाचं पाणी मोजत नसून प्रयोगशाळेचा दमटपणा मोजत असतो.

इतक्या थोड्या हायड्रोजनसाठी हा खटाटोप का, याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. पृथ्वीचं प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, मुख्यतः अशाच खनिजांचा आहे आणि त्याचं वस्तुमान सर्व महासागरांच्या सुमारे २,९०० पट आहे. त्या खडकात टनाला सरासरी ३५० ग्रॅम पाणी असेल, तरी एक पूर्ण महासागर खाली दडलेला ठरतो. डेव्हिड बेल आणि जॉर्ज रॉसमन यांनी १९९२ मध्ये या ‘कोरड्या’ खनिजांकडे लक्ष वेधलं. २०१४ मध्ये ब्राझीलच्या एका हिऱ्यात अडकलेल्या रिंगवुडाइट या प्रावरणातल्या खनिजाच्या कणात तर एक टक्क्याहून जास्त पाणी निघालं.

धुळ्याच्या डाइकमध्ये नमुना कुठून घ्यावा, हेही हायड्रोजनच ठरवतो. तप्त ऑलिव्हिन या खनिजातून तो काही तासांत किंवा दिवसांत निसटतो. पायरोक्सीन त्याला अधिक काळ धरून ठेवतं. डाइकच्या कडा बाजूच्या थंड खडकाला लागून झटकन थिजल्या, मधला गाभा सावकाश निवला. त्यामुळे कडेचा आणि गाभ्याचा असे दोन्ही पायरोक्सीन शेजारी ठेवून मोजले, तर मूळचा हायड्रोजन किती आणि निवताना गेला किती, याचा हिशेब मांडता येतो.