मेस्त्रीला कळेल ती गाडी

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि आटपाडी-जतकडे पाचशेच्या आसपास. मधलं अंतर मोटारसायकलवर एका दिवसाचं. तेवढ्यात पसरणीची वळणं येतात, पुणे-बंगळूर महामार्गाचा सपाट पट्टा येतो, हंगाम असेल तर कराड-वाळव्याकडे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला चिखल येतो आणि शेवटी जतचं तापलेलं डांबर. सातारा-सांगलीकडच्या माणसाला लांबच्या प्रवासाची गाडी पारखायला लडाखला जायची गरज नाही. तरीही शोरूममध्ये पहिला प्रश्न असतो सीसी किती आणि दुसरा, अ‍ॅव्हरेज किती देते.

तिसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात. वाटेत बंद पडली तर चालू कोण करून देणार?

साताऱ्यात एकेकाळी या प्रश्नाचं उत्तर गावातच होतं. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि पुढे साताऱ्याच्या कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडू लागली. ती काही फार गुणी गाडी नव्हती. किक खाऊनही ऐकेना तर तिला तिरकी करायची, प्लग काढून पुसायचा आणि पुन्हा किक. पण पंक्चर झालं तर स्टेपनी अंगावरच असे आणि बाकीचं दुखणं कोपऱ्यावरच्या मेस्त्रीला तोंडपाठ.

आजच्या गाड्या त्या मानाने क्वचितच बिघडतात. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि नव्या मोटारसायकलींवर कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. हवा विरळ झाली की पेट्रोलचं प्रमाण गाडी स्वतःच कमी करते, त्यामुळे हिमालयातल्या खिंडींत जुन्या गाड्या जशा घुसमटत तशा या घुसमटत नाहीत. मात्र या सोयीची किंमत आहे. बॅटरी पूर्ण मेली तर धक्का मारून गाडी चालू होईलच असं नाही. पेट्रोलचा पंप टाकीत असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो, म्हणून सतत रिझर्व्हवर गाडी पळवायची सवय त्याला मानवत नाही. सेन्सर गेला तर पान्याने भागत नाही, कंपनीचा स्कॅनर लागतो. तो पाटणच्या किंवा विट्याच्या गॅरेजात असेलच असं नाही. तेव्हा ज्या वाटेने जायचं तिथे त्या कंपनीची सर्व्हिस सेंटर किती अंतराने आहेत, हे गाडी ठरवण्याआधी नकाशावर बघावं.

नव्याकोऱ्या मॉडेलच्या मोहाबद्दलही थोडं. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने बुलेट, क्लासिक आणि मिटिऑर या गाड्यांपैकी सुमारे २ लाख ३७ हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. कारण होतं इग्निशन कॉइलमधला दोष. त्यामुळे इंजिन मिसफायर होणं, क्वचित शॉर्टसर्किटही होणं शक्य होतं. कंपनीने दोष जाहीर केला ही चांगलीच गोष्ट. पण यातली मिटिऑर बाजारात येऊन जेमतेम सहा महिने झाले होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. दूरचा बेत असणाऱ्याने नवं मॉडेल वर्षभर दुसऱ्यांना चालवू द्यावं.

आता गाड्यांकडे. मिटिऑर किंवा क्लासिकचं ३४९ सीसीचं इंजिन साधारण २० अश्वशक्तीचं, हवेने थंड होणारं आणि संथ. ताशी ८०-९० च्या वेगाने दिवसभर चालणं हा तिचा धर्म. शंभरच्या वर ताणली की हातापायांना कळतं. डोमिनार ४०० किंवा हिमालयन ४५० यांची ताकद ४० अश्वशक्तीच्या घरात. डबलसीट आणि सामान घेऊन खंबाटकी चढताना किंवा ट्रकला ओलांडताना ती जाणवते. मात्र यांना रेडिएटर, पंखा, कूलंट असा संसार जास्त. एक्सपल्स २०० महामार्गावर लवकर दमते, पण तिचं वजन १६० किलोच्या आसपास आहे. हिमालयन त्याहून पस्तीसेक किलो जड. कुंभार्लीच्या पावसात गाडी आडवी झाली आणि मदतीला कुणी नसलं, तर हा फरक कागदावरचा राहत नाही.

एकट्याने, कच्च्या रस्त्याने फिरणाऱ्याने हलकी गाडी घ्यावी, बायकोसह गोवा-हंपी करणाऱ्याने ३५० चा वर्ग बघावा, असं थोडक्यात सांगता येईल. सरकारनेही हिशोब याच बाजूला झुकवला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के झाला.

टाकीचं गणित मात्र ज्याचं त्याने करावं. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पेट्रोलपंपावरची पाटी प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. पंधरा लिटरची टाकी आणि लिटरला तीसचं अ‍ॅव्हरेज धरलं तर साडेचारशे किलोमीटर होतात, म्हणजे निभतं. चढ, सामान आणि थंडी यांनी तेच अ‍ॅव्हरेज २२ वर आणलं, तर ३३० वरच टाकी कोरडी.

गाडी जगभर किती खपते, यालाही अर्थ आहे. २०२५ मध्ये एक मराठी तरुण केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरवर मुंबईहून निघाला आणि १७ देश ओलांडून इंग्लंडला पोहोचला. चाकणला बनणाऱ्या या गाडीने साथ दिली, पण नॉटिंगहॅममध्ये ती चोरीला गेली. बातमी पसरल्यावर तिथल्याच एका विक्रेत्याने त्याला त्याच मॉडेलची वापरलेली गाडी दिली. तीच गाडी तिथेही विकली जाते, म्हणून हे जमलं. जी गाडी चार शहरांत चार जणांकडेच असते, तिची क्लच केबलसुद्धा मागवावी लागते.

जुनी गाडी घेणाऱ्याने टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत. २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर ओल्या रस्त्यावर दगा देतं. अलॉय चाकांवर बहुधा ट्यूबलेस टायर असतो आणि पंक्चर काढायला दहा मिनिटं पुरतात. तारांच्या चाकात बऱ्याचदा ट्यूब असते, तेव्हा चाक खोलायची तयारी हवी. १२५ सीसीवरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. उसाच्या हंगामात रात्री प्रवास करणाऱ्याने त्याआधीची गाडी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

शोरूमची टेस्ट राईड चौकातल्या चौकात संपते आणि तिच्यावरून काहीच ठरत नाही. त्यापेक्षा कुणा ओळखीच्याची तीच गाडी एका रविवारी मागून घ्यावी, मागे माणूस आणि बॅग बसवावी आणि यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जाऊन यावं. सांगलीकरांना त्यासाठी आंबा घाट गाठावा लागेल. चढताना सारखा पहिला गिअर मागते का, उतरताना दुसऱ्या गिअरवर इंजिन तिला नीट धरून ठेवतं का, थांबलं की दोन्ही पाय टेकतात का आणि दोन तासांनी कंबर काय म्हणते, एवढं बघावं. परत आल्यावर त्या ओळखीच्याला गेल्या वर्षभराची सर्व्हिसिंगची बिलं दाखवायला सांगावीत.