भाडेकरूचे दार आणि साथीची तपासणी

येरमाळ्याच्या चौकात घटकाभर उभे राहिले, म्हणजे आपल्या गावाची घडण ध्यानात येते. सोलापूर-धुळे महामार्गावरून मालमोटारी धावत असतात, यात्रेकरू येडेश्वरीच्या डोंगराची वाट विचारीत असतात, आणि या रहदारीवर पोट असलेली माणसे आपापल्या कामात असतात. टायर काढणारे, ढाब्यावरचे आचारी, हमाल, दुकानांतील नोकर, बदलीवर आलेले शिक्षक. यांतील पुष्कळांचे घर स्वतःचे नाही. एक किंवा दोन खोल्या, पत्र्याचे छप्पर, सामाईक नळ, आणि दर महिन्याला भाडे. आजचा विषय या माणसांच्या दाराचा आहे. साथीच्या दिवसांत त्या दारावर थाप पडते, तेव्हा आतल्या माणसाच्या मनात काय येते, आणि काय येऊ नये म्हणून आपण काय करावे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम आमचीच गोष्ट सांगतो. २०२० साली चैत्री पौर्णिमेची यात्रा भरली नाही. यात्रेच्या कमाईवर ज्यांचे भाडे निघे, त्यांची बाकी त्या महिन्यापासून साचू लागली. आम्ही त्या वेळी दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. पुण्याचे काम बंद पडल्यामुळे आमचा पुतण्या बायको-मुलासह आमच्याकडे आला होता. सप्टेंबरात सरकारची ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक असे पथक घरोघर जाई, ताप मोजी, बोटाला ऑक्सिमीटर लावी आणि घरात मधुमेह, रक्तदाब कोणाला आहे ते लिहून घेई. आमच्या दारी आशाताई आल्या, त्यांच्या मागोमाग आमचे घरमालकही आत आले.

ताईंचे लक्ष आमच्या बोटाकडे होते. मालकांचे लक्ष कोपऱ्यातल्या वळकट्यांकडे होते. ते म्हणाले, “भाऊ, बोलणे तिघांचे झाले होते. येथे तर सहाजणांचे अंथरूण दिसते.” दुसऱ्या दिवशी भाडे वाढवा नाही तर खोली सोडा, असा निरोप आला.

ही बातमी चाळीत पसरायला किती वेळ लागतो? शेजारच्या खोलीत एक गृहस्थ चार दिवसांपासून खोकत होते. पथक पुन्हा आले तेव्हा त्यांच्या मंडळींनी, “ते रानात गेलेत,” असे सांगून दार लोटून घेतले. पुढे तिसऱ्या रात्री त्यांना धाप लागली, ओठ काळेनिळे पडले, आणि मिळेल त्या वाहनाने जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागले. सुदैवाने ते वाचले. पण जो आजार बोटाला यंत्र लावून तीन दिवस आधी कळला असता, तो केवळ खोली जाईल या धास्तीने लपवला गेला. त्या माउलीला तापमापकाचे भय नव्हते, तिला छप्पर जाण्याचे भय होते.

आमच्या मते सगळ्या विषयाचे मर्म येथे आहे. ज्याला बेघर होण्याची भीती आहे, तो आजार लपवतो. म्हणून भाडेकरूच्या छपराची हमी ही आरोग्याचीच व्यवस्था होय. हे आम्ही एका अनुभवावरून म्हणत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीचा महाराष्ट्राचा इतिहास हेच सांगतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. कायदा लहानसा, चार कलमांचा, पण त्याने सरकारच्या हाती अफाट अधिकार दिले, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही असे संरक्षणही दिले. पुण्यात रँडच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी बसली आणि १३ मार्चपासून गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या सुरू झाल्या. सोजीर स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत, सामान रस्त्यावर काढीत. रोगी सापडला की त्याला इस्पितळात नेत, आणि घरची माणसे वेगळ्या छावणीत. पुढे २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. हे आपण शाळेत वाचतो. पण त्या गोळीच्या आधी तीन महिने पुण्याच्या वाड्यांत काय चालले होते, ते कमी वाचतो. लोक आजारी माणसे लपवीत होते, प्रेते गुपचूप पुरीत होते आणि गाव सोडून पळत होते. ज्या तपासणीने रोग सापडावयाचा, त्याच तपासणीने तो दडवला गेला.

त्याच पुण्यात, त्याच मार्चात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रोग्यांना पोहोचवीत, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. लोकांना दवाखानाच नको होता असे म्हणणाऱ्याला हे एक उदाहरण पुरे आहे. दवाखान्याकडे कोण नेतो आणि कसे नेतो, यावर सारे होते.

मुंबईची हकीकत आम्हां कामगारांना अधिक जवळची. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका विणकराच्या घरातील आजारी मुलीला तपासण्यावरून तंटा झाला, त्याचा दंगा झाला, गोळीबार झाला, आणि पाठोपाठ गोदी कामगार व गाडीवाले यांनी काम बंद ठेवले. त्यानंतर सरकारला घरझडत्यांचा जोर कमी करावा लागला. मुंबईत ज्या खोल्या राहण्यास अयोग्य ठरत, त्यांच्या भिंतीवर ‘यू.एच.एच.’ ही अक्षरे रंगवीत. १८९८ साली स्थापन झालेल्या सुधारणा ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. रस्ते चांगले झाले यात वाद नाही. परंतु ज्यांच्या खोल्या पाडल्या ते गरीब भाडेकरू शेजारच्या चाळींत अधिकच दाटीने राहू लागले. घर तपासले, दोष सापडला, शिक्षा मात्र राहणाऱ्याला झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या वेळी माणसे तपासली, पण प्लेग उंदराच्या पिसवांमुळे पसरतो हे झडती घेणाऱ्यांना ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोग करून ते दाखवले, आणि त्याचे म्हणणे पटायलाही काही वर्षे गेली. सोजीर माणसांचे अंग तपासत होते आणि उंदीर जमिनीखाली खुशाल होते. म्हणून तपासणी करणाऱ्याने आपण काय शोधतो आहोत आणि कशासाठी, हे आधी सांगावे, ही मागणी उद्धटपणाची नव्हे, शहाणपणाची आहे.

याचा अर्थ घराची तपासणीच नको, असा कोणी घेऊ नये. आम्ही मराठवाड्याची माणसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आपल्या जिल्ह्यात मिळून सुमारे ८,००० माणसे गेली. धक्क्याहून अधिक बळी घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने. आम्ही त्या वेळी ऐन विशीत होतो. ढिगारे उपसायला गेलेल्या जथ्यात होतो. वेळीच कोणी येऊन ‘ही भिंत फुगली आहे’ असे सांगितले असते, तर त्याच्या पाया पडावेसे वाटले असते, असे त्या दिवशी मनात आले. तेव्हा भिंत, विजेची तार, गॅसची नळी यांची तपासणी साथीच्या दिवसांतही थांबता कामा नये. गॅसचा वास येतो आहे, भिंतीला हात लावताच झिणझिण्या येतात, छप्पर झुकले आहे, अशा कामाला उद्या म्हणून चालत नाही. उलट रंग कोणता द्यावा हे पाहणे, नव्या भाडेकरूला खोली दाखवणे, सहज म्हणून डोकावणे, ही कामे साथ ओसरेपर्यंत थांबू शकतात. निकडीचे कोणते आणि सोयीचे कोणते, हा भेद मालक आणि भाडेकरू दोघांनीही ओळखला पाहिजे.

निकडीच्या कामासाठी माणूस आत येणारच. मग रीत सोपी आहे. कोरोनाचा विषाणू बंद खोलीतल्या हवेत तरंगत राहतो, हे आता कळले आहे. म्हणून खिडकी-दार उघडे ठेवावे, येणाऱ्याने आणि घरच्यांनी नाकातोंडावर मास्क लावावा, एका वेळी एकच माणूस आत यावा, घरच्यांनी तेवढा वेळ अंगणात बसावे. घरात कोणी आजारी असेल तर ते आधी सांगावे. ऑक्सिमीटरने बोट दुखत नाही. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकू शकतो, म्हणून हात चोळून पुन्हा मोजावे. आकडा ९५ च्या खाली दिसला, की त्या मोहिमेत रोग्याला पुढे तापाच्या दवाखान्यात पाठवीत.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो नेमून दिलेल्या शहरांना व गावांनाच लागू आहे, प्रत्येक खेड्याला नाही. तरी न्याय्य वागणुकीचे माप म्हणून तो सर्वांनी ध्यानी ठेवावा. त्याच्या कलम २८ प्रमाणे मालकाला जागा पाहण्याचा हक्क आहे, परंतु आगाऊ सूचना देऊन आणि वाजवी वेळी. कलम १४ प्रमाणे जागा दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्याच कायद्याप्रमाणे भाड्याची पावती दिलीच पाहिजे. कलम २९ प्रमाणे योग्य कारणावाचून पाणी, वीज तोडता येत नाही. खुद्द साथीच्या काळात, २९ मार्च २०२० रोजी केंद्राच्या गृहखात्याने हुकूम काढला, की मजुरांकडून एक महिना भाडे मागू नये आणि मजुरांना व विद्यार्थ्यांना घराबाहेर काढणाऱ्या मालकावर कारवाई व्हावी. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलावी अशी सूचना केली. हुकूम चांगले होते. पण आमच्या चाळीत ते कोणी वाचून दाखवले नाहीत, आणि न वाचलेला हुकूम हा पेटीतल्या औषधासारखा असतो.

दारी येणारी बाईही कोणाची तरी भाडेकरू असते, हे विसरू नये. त्याच मार्चात घरमालकांनी डॉक्टरांना आणि परिचारिकांना खोल्या सोडावयास सांगितल्याच्या तक्रारी देशभर झाल्या होत्या. आशाताईंना पगार नाही, मोबदला आहे; आणि तो वाढावा म्हणून महाराष्ट्रातील आशांना जून २०२१ मध्ये संप करावा लागला. त्यांच्यावर हात उगारणाऱ्यासाठी २०२० च्या दुरुस्तीने १८९७ च्या कायद्यात तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आली, आणि गंभीर दुखापत केल्यास सात वर्षांपर्यंत. ती योग्यच आहे. परंतु तपासणाऱ्याला संरक्षण आणि तपासून घेणाऱ्याला वाऱ्यावर सोडणे, यात तोल राहत नाही. त्या भाडेकरूला कायद्याने एवढे तरी म्हणावे, की दाराआड जे दिसले ते आरोग्याच्या कामापुरतेच राहील. मालकाच्या, सावकाराच्या किंवा मुकादमाच्या कानी जाणार नाही.

तक्रार करावयाची तर ती कशी करावी, याचा धडाही १८९७ नेच घालून दिला आहे. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी सोजिरांवर गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, लिहिणारे पुढे आले नाहीत, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. लोकांचे दुःख खोटे नव्हते. त्याची नोंद नव्हती. युनियनमध्ये आम्ही नव्या कार्यकर्त्याला पहिली गोष्ट हीच शिकवतो. कोण आले, केव्हा आले, काय म्हणाले, कोण साक्षीला होते, हे त्याच दिवशी वहीत लिहा. रागाला उद्या उतार पडतो, वहीला पडत नाही.

आमच्या स्वतःच्या प्रकरणाचा शेवट सांगतो. आम्ही मालकांकडे भांडायला गेलो. ओसरीवर बसल्यावर कळले, की माडीवर त्यांची ऐंशी वर्षांची आई आहे, खोल्यांवर कर्ज आहे आणि चार भाडेकरूंची बाकी थकली आहे. त्यांनाही भय होते, फक्त ते आमच्या भयाहून निराळे होते. दोन तास बोलणे झाले. मग एका कागदावर पाच ओळी लिहिल्या. यात्रा पुन्हा भरेपर्यंत भाडे वाढणार नाही. बाकी हप्त्याने फिटेल. पाहुणे आले तर आम्ही आपण होऊन सांगू. मालक येण्यापूर्वी आदल्या दिवशी निरोप देतील. आणि आरोग्याच्या पथकाबरोबर आत येणार नाहीत. खाली दोघांच्या सह्या. तो कागद चाळीतल्या सर्वांना वाचून दाखवला. त्यानंतर पथक आले तेव्हा शेजारच्या बाईंनी आपण होऊन दार उघडले आणि सासूबाईंचे बोट पुढे केले.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. येईल हे मात्र नक्की. आपल्या ग्रामपंचायतीने ग्रामसभेत असा पाच ओळींचा ठराव आजच, डोके शांत असताना करून ठेवावा, आणि पथकाच्या हाती तापमापकाबरोबर त्याची एक प्रत द्यावी. त्याला फारसा खर्च नाही. मसुदा करावयास मदत लागली तर आमची वही आणि आम्ही, दोन्ही हजर आहोत.