संक्रांतीला शेजारची मंडळी येतात तेव्हा

जानेवारी जवळ आला की एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. तेलुगू, उर्दू किंवा गोंडी बोलणाऱ्या मित्रमैत्रिणींना संक्रांतीला घरी बोलवायचे, तर नेमके काय करावे? पुण्या-नागपुरात हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण तिथे बहुतेकांना वाण म्हणजे काय आणि काळी साडी कशासाठी हे ठाऊक असते. आदिलाबादेत मात्र सण साजरा करायचा आणि सोबत समजावूनही सांगायचा, अशी दोन्ही कामे यजमानावर येतात.

तसे पाहिले तर आपण इथे परके नाही. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य विभागले गेले, ते तालुके पलीकडे गेले आणि आपण अलीकडे राहिलो. घरे हलली नाहीत, सीमा हलली. तरीही आपली भाषा इथे थोड्यांची आहे, आणि थोड्यांच्या भाषेतला सण घराच्या आतच राहिला तर मुलांना तो हळूहळू संकोचाचा वाटू लागतो. पाहुणे बोलवायचे ते यासाठीही.

संक्रांत त्यासाठी फार सोयीची, कारण ती दोघांचीही आहे. सूर्य मकर राशीत जातो तो दिवस सगळ्यांना एकच. तो बहुधा १४ जानेवारीला येतो, कधी १५ ला. (पंचांगाचे वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असल्यामुळे ही तारीख साधारण ७० वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, पण तारीख १२ जानेवारी १८६३!) भोगी दोघांकडे आहे. आपण लहान मुलांना बोरन्हाण घालतो, तेलुगू घरांत भोगी पळ्ळु म्हणून मुलांच्या डोक्यावरून बोरेच ओततात. आपण वाण लुटतो, तेलंगणातल्या बायका संक्रांतीचा नोमु करून ठरावीक संख्येने वस्तू वाटतात. म्हणून ‘आमच्याकडे असे असते’ एवढ्यावर न थांबता ‘तुमच्याकडचे भोगी पळ्ळु तेच आमचे बोरन्हाण’ असे सांगावे. पाहुणीचा चेहरा लगेच उजळतो.

फरक आहेत तेही आधीच सांगितलेले बरे. सर्वांत मोठा काळ्या रंगाचा. सणाला काळे नेसणे बऱ्याच तेलुगू घरांत अशुभ मानतात. तुमच्या दारात दहा बायका काळ्या चंद्रकळेत दिसल्या तर शेजारच्या अक्का गोंधळणारच. काळा रंग ऊन शोषून ऊब देतो आणि संक्रांत ऐन थंडीत येते, एवढे कारण पुरते. तेलंगणात थंडीचा पारा आदिलाबादेत सर्वांत खाली उतरतो, त्यामुळे हे इथे कोणालाही पटते. पाहुण्यांनी मात्र हव्या त्या रंगात यावे.

आता अवघड गोष्ट. हळदीकुंकू म्हटले की सवाष्णी असा अर्थ आपल्या डोक्यात बसला आहे. मग मुलीच्या मैत्रिणीची विधवा आई, मुस्लिम शेजारीण, एकट्या राहणाऱ्या बाई यांना बोलवायचे की नाही? आमचे मत स्पष्ट आहे : बोलवायचे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. गाव ठराव करू शकते, तर आपल्याला एक आमंत्रण करता येणार नाही? निमंत्रण ‘तिळगुळाला या’ असे द्यावे. कुंकवाचा करंडा तबकात ठेवावा, ज्यांना हवे त्यांनी लावावे. आणि तिळगुळाचा एक डबा नैवेद्याआधी बाजूला काढावा, कारण काही घरांत दुसऱ्यांच्या देवाचा प्रसाद खात नाहीत. हे कोणाला सांगत बसायचे नसते, नुसते करायचे असते.

पाहुण्यांना खुर्चीत बसवून ताट देण्यापेक्षा तिळगूळ वळायलाच बोलवा, असे आम्ही सुचवू. पाव किलो तीळ मंद आचेवर भाजून घ्या, अर्धी वाटी दाण्याचा कूट तयार ठेवा. पाव किलो गूळ चमचाभर तुपात विरघळवा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची मऊ गोळी झाली की आच बंद करा. थेंब कडक होऊन वाटीत टणकन वाजला तर तो पाक वडीचा, लाडवाचा नव्हे. तीळ-कूट मिसळून तुपाच्या हाताने गरम असतानाच वळायचे. इथेच हात हवेत, कारण मिश्रण पाच-सात मिनिटांत घट्ट होते. चटके बसतात म्हणून लहान मुलांना वळलेल्या लाडूंवर हलवा लावायचे काम द्यावे. एवढ्यात छोटे पस्तीस-चाळीस लाडू होतात.

‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे मुलांनी तेलुगूतही म्हणावे : नुव्वुलु बेल्लम तीसुकोंडी, तिय्यगा माट्लाडंडी. उखाण्याचा आग्रह पाहुण्यांना करू नये, हौस असेल तर त्या आपणहून घेतात. वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्या आता पुरे झाल्या. वही, पेन्सिल, गुळाची ढेप, काहीही उपयोगी चालते.

दिवस ठरवताना घाई नको. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येते. मात्र पौष अमावास्येच्या आसपासचे दिवस टाळा, कारण केस्लापूरला नागोबाची जत्रा असते आणि गोंड मित्रांची घरे तेव्हा रिकामी असतात. तेलुगू मैत्रिणींना संक्रांतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत बोलवू नका. त्या तेव्हा सकिनालुच्या गडबडीत असतात. तांदळाच्या पिठात तीळ-ओवा घालून पांढऱ्या कापडावर बोटांनी वेढे घालत बसायचे काम ते, आणि त्यालाही शेजारपाजारचे हात लागतात. बोलावणे आले तर आवर्जून जा, मुलींनाही न्या. पहिली दोन-चार सकिनालु वेडीवाकडी होतात, ती तळून पोरांना देतात. आणि जाताना साडी काळी नको.